सेलू ते संभाजीनगर: आयव्हीएफचे अकरा महिने

आमच्या सेलू भागात (जिल्हा परभणी) आयव्हीएफला, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून तो पिशवीत सोडण्याच्या उपचाराला, अजून ‘टेस्ट ट्यूब’च म्हणतात, आणि ते करून आलेली माणसं त्याबद्दल बोलत नाहीत. त्यामुळे पहिल्यांदा निघालेल्या जोडप्याला फेऱ्या किती होणार, शहरात किती दिवस राहावं लागणार, कोणत्या महिन्यात किती पैसे हाताशी हवेत, यातलं काहीच माहीत नसतं. मलाही नव्हतं. जून 2024 ते मे 2025 असे आमचे अकरा महिने यात गेले. पुढच्या तारखा आणि आकडे आमचे आहेत. तुमचे वेगळे येतील, पण टप्पे बहुतेक हेच असतील. औषधांचे डोस फक्त अंदाज यावा म्हणून दिलेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

कागद आणि तपासण्या

पहिली भेट 10 जूनला संभाजीनगरला झाली. जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या: गर्भनळ्यांच्या एक्स-रेच्या फिल्म, दुर्बिणीची सीडी, आधी आययूआय (नळीनं वीर्य पिशवीत सोडण्याचा साधा उपचार) केलं असेल तर त्याच्या चिठ्ठ्या. रिपोर्ट सापडला नाही की तीच तपासणी पुन्हा होते आणि पैसेही पुन्हा जातात.

दवाखाना निवडताना आधी नोंदणी पाहा. सहायक जननतंत्रज्ञान कायदा 2021 चा आहे आणि 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्यानुसार लेव्हल 1 च्या दवाखान्यात फक्त आययूआय करता येतं, आयव्हीएफसाठी लेव्हल 2 ची नोंदणी लागते. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं नसेल तर मागून पाहायला लाजू नका. आपल्याकडे काही ठिकाणी तपासणी गावात आणि प्रत्यक्ष प्रक्रिया दुसऱ्या शहरात, अशी व्यवस्था असते. तसं असेल तर लॅब नेमकी कुठे आहे आणि तिथे रोज हजर राहणारे एम्ब्रियॉलॉजिस्ट (लॅबमध्ये गर्भ वाढवणारे तज्ज्ञ) आहेत का, हे आधी विचारून घ्या. बाईचं वय 21 ते 50 आणि पुरुषाचं 21 ते 55 ही कायद्याची मर्यादा आहे.

दोघांचं आधार, फोटो आणि लग्नाचा दाखला लागला. आमचा दाखला काढलेला नव्हता. नगरपालिकेत नमुना ‘ड’ भरून, लग्नपत्रिका जोडून, तीन साक्षीदार उभे करून तो काढला. त्यात बारा दिवस गेले. माझ्या आधारवर माहेरचं नाव होतं, तेही बदलावं लागलं. ही दोन्ही कामं पहिल्या भेटीच्या आधी उरकली तर एक पाळी वाचते. संमतीपत्रं बरीच असतात आणि प्रत्येकावर दोघांच्या सह्या लागतात. गोठवलेल्या गर्भांचं पुढे काय करायचं, दोघांपैकी एकाला काही झालं तर काय, असे प्रश्न त्यात असतात. घाईत सही करू नका. कागद एक दिवस घरी आणून वाचायला मागा. मुलगा की मुलगी निवडून देणं हा गुन्हा आहे, तेव्हा घरातल्या कोणी डॉक्टरांना तसलं काही विचारू नये, हे सर्वांना आधीच सांगून ठेवा.

तपासण्या दोघांच्या एकाच दिवशी सुरू करा, हे मी कळकळीनं सांगते. वर्ष-दोन वर्षं बाईच्याच सोनोग्राफ्या होत राहतात आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणीसुद्धा झालेली नसते, अशी कितीतरी जोडपी वेटिंगमध्ये भेटली. या तपासणीआधी 2 ते 7 दिवसांचा संयम लागतो. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे, म्हणजे सेलूहून तो घेऊन जाता येत नाही, तिथेच द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मापानुसार एका मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण हालचाल 42 टक्के आणि योग्य आकाराचे 4 टक्के, ही खालची मर्यादा आहे. ‘फक्त चार टक्के चांगले’ असं वाचून माणूस खचतो, पण चार टक्के म्हणजे रिपोर्ट ठीक. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मागच्या तीन महिन्यांत टायफॉइड किंवा डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर आकडा खाली दिसतो आणि नंतर सुधारतो. तंबाखू, गुटखा आणि दारू बंद करायची तीही पिकअपच्या (बाईची बीजं काढण्याच्या) तीन महिने आधी, आदल्या आठवड्यात बंद करून उपयोग नाही. कपाशीवरची फवारणी त्या हंगामात दुसऱ्याकडून करून घ्यायला आम्हाला सांगितलं होतं.

माझ्या रक्ताच्या तपासण्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी झाल्या: एफएसएच, एलएच, इस्ट्राडिऑल, थायरॉइड, प्रोलॅक्टिन ही हार्मोन. त्याच दिवशी आतून सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतली बारीक बीजं मोजतात. एएमएच कोणत्याही दिवशी चालतं. माझं 2.1 आलं. हा आकडा बीजांचा साठा किती उरलाय तेवढंच सांगतो, बीजं कशी आहेत ते सांगत नाही. दर्जा मुख्यतः वयावर असतो. म्हणून कमी एएमएचची तिशीच्या आतली बाई आणि भरपूर एएमएचची चाळिशीची बाई यांची तुलना करू नये. याशिवाय दोघांचा रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, व्हीडीआरएल (गरमीची तपासणी), साखर आणि थॅलेसेमिया. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घेऊन एक महिना थांबावं लागतं, म्हणून ती तपासणी पहिल्याच दिवशी सांगून करून घ्या. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी तेव्हापासूनच सुरू होते.

दोघांच्या या तपासण्यांना 11,400 रुपये लागले.

नळ्यांच्या एक्स-रेत माझ्या दोन्ही नळ्या बंद निघाल्या आणि उजवीत पाणी साठलेलं होतं. त्याला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. आयव्हीएफमध्ये नळीचं कामच नसतं, मग ऑपरेशन कशाला, हा प्रश्न मला पडला होता. कारण असं की ते पाणी झिरपून पिशवीत येतं आणि गर्भ रुजू देत नाही. ती नळी काढली किंवा बांधली नाही तर यशाची शक्यता जवळपास निम्म्यावर येते. ऑगस्टमध्ये दुर्बिणीतून ते केलं, त्याच वेळी पिशवीच्या आतूनही पाहिलं. खर्च 48,000. नळ्या अशा खराब होण्यामागे आपल्याकडे पिशवीचा टीबी हे मोठं कारण आहे, म्हणून अस्तराचा तुकडा टीबीच्या तपासणीला पाठवतात. टीबी निघाला तर सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करूनच पुढे जायचं. माझा निघाला नाही. ऑपरेशननंतर दोन पाळ्या थांबलो.

या थांबण्याचा फार त्रास होतो. इतकी वर्षं गेलेली असतात, मग दोन महिने आणखी का, असं वाटत राहतं. पण हेच दोन महिने पैसे उभे करायला आणि शेतीची कामं मार्गी लावायला मिळतात.

इंजेक्शनं

पाळी 14 ऑक्टोबरला आली. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून, अंडाशयात गाठ नाही हे पाहून, इंजेक्शनं सुरू झाली. एरवी दर महिन्याला अनेक बीजं वाढायला लागतात आणि एकच पुढे जातं, बाकीची विरून जातात. एफएसएचच्या इंजेक्शनानं त्या महिन्याची विरणारी बीजंही वाढवतात. त्यामुळे ‘सगळा साठा संपून पाळी लवकर जाईल’ ही भीती खोटी आहे. मला रोज 225 युनिट होतं, बहुतेकांचा डोस 150 ते 300 च्या दरम्यान असतो. एकूण आठ ते बारा दिवस लागतात. मला अकरा लागले.

इंजेक्शन रोज एकाच वेळेला घ्यायचं. मी रात्री आठची वेळ धरली होती. पोटावर, बेंबीपासून दोन बोटं सोडून, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची, औषध सावकाश सोडायचं, पेन असेल तर दहा आकडे मोजून मगच सुई काढायची. पावडरची बाटली असेल तर सोबतचं द्रावण मोठ्या सुईनं ओढून बाटलीच्या कडेनं सोडा आणि बाटली तळहातांमध्ये हळू फिरवा. जोरात हलवली की फेस होतो आणि औषध वाया जातं. दोन बाटल्या घ्यायच्या असतील तर पहिलीतलं विरघळलेलं औषधच दुसरीत सोडायचं, म्हणजे पोटात एकूण पाणी कमी जातं. टोचताना सुई बदलून बारीक लावा. पहिलं इंजेक्शन सिस्टरसमोर स्वतः घ्या, म्हणजे घरी हात थरथरत नाही.

औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवा. दारात गरम-थंड होत राहतं आणि बर्फाच्या खणाला टेकून ठेवलं तर गोठतं. एकदा गोठलेलं इंजेक्शन पुन्हा वितळवून वापरायचं नाही, ते वाया गेलं. पावडरच्या काही बाटल्यांवर 25 अंशांपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं, पण मराठवाड्यात कडाक्याची थंडी सोडली तर घरात 25 अंश असतात कधी? तीही फ्रिजमध्येच ठेवा. वीज गेली तर दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. प्रवासात थर्मासमध्ये आइस पॅक, त्यावर जाड कपडा आणि मग औषध, अशी रचना करा. औषध बर्फाला टेकता कामा नये. ज्यांचा नंबर एप्रिल-मेमध्ये लागतो त्यांनी तर गाडीच्या डिकीत किंवा रेल्वेच्या खिडकीपाशी पिशवी ठेवूच नये.

मेडिकलमधून सगळी इंजेक्शनं एकदम घेऊ नका. डोस मध्येच बदलतो आणि थंड साखळीतलं औषध परत घेत नाहीत. चार-पाच दिवसांचं घ्या. छापील किमतीवर सूट मागा, मला मिळाली. तरीही इंजेक्शनांचे 68,500 झाले.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून दुसरं इंजेक्शन सुरू होतं, अँटॅगोनिस्ट. बीज आधीच फुटून जाऊ नये म्हणून ते असतं. ते टोचल्यावर तिथे तासभर लाल चट्टा उठतो आणि खाज येते, त्याला घाबरू नका. मात्र ते एक दिवसही चुकवायचं नाही. चुकलं आणि बीजं फुटली तर आधीचे सगळे दिवस वाया.

20 तारखेपासून एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी होती. लघवी करून जायचं, आतून तपासतात. फॉलिकल म्हणजे बीजाची पाण्याची पिशवी, ती रोज 1 ते 2 मिलिमीटर वाढते. दोन-तीन फॉलिकल 17-18 मिलिमीटरला पोचली की ट्रिगर, म्हणजे बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, देतात. कोणत्या बाजूला किती आणि केवढी, हे वहीत लिहून घ्या. पुढच्या वेळी डोस ठरवताना डॉक्टर तेच पाहतात.

सेलूहून संभाजीनगरला रेल्वेनं अडीच-तीन तास लागतात. पहिले पाच दिवस घरी राहिलो, 20 ते 28 तिथल्या गारखेड्यात रोजी 600 रुपयांची खोली घेतली. पोट जड होतं, बसताना दुखतं, चिडचिड होते. त्या दिवसांत गर्दीच्या डब्यात उभं राहून जाणं-येणं करू नका. खोलीत फ्रिज आहे का, हे भाडं विचारण्याआधी विचारा.

ट्रिगर आणि पिकअप

ट्रिगरची वेळ म्हणजे मिनिटाचा हिशोब. बीजं त्यानंतर 34 ते 36 तासांनी काढतात. त्याआधी काढली तर ती पिकलेली नसतात, उशीर झाला तर फुटून जातात. माझं इंजेक्शन 25 ऑक्टोबरला रात्री बरोबर 10 ला झालं आणि पिकअप 27 ला सकाळी 10 ला. चिठ्ठीवर ‘रात्री’ आणि तारीख दोन्ही नीट लिहून घ्या, मोबाइलवर दोघांनी गजर लावा. काही कारणानं उशीर झालाच तर लपवू नका, लगेच फोन करा. पिकअपची वेळ पुढे सरकवता येते.

पिकअपच्या आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढावी लागतात. जोडवी घट्ट असतील तर आदल्या रात्री तेल लावून सैल करून ठेवा. भूल दिली जाते, पोटावर चीर नसते. सोनोग्राफीच्या आधारानं आतून लांब सुईनं फॉलिकलमधलं पाणी ओढतात. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. दोन-तीन तासांनी चहा-बिस्किट देऊन सोडतात.

नवऱ्याचा नमुना त्याच सकाळी लागतो आणि ताणामुळे तो देता येत नाही असं बऱ्याच पुरुषांचं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. अशी शंका असेल तर महिनाभर आधी एक नमुना गोठवून ठेवायला सांगा, ऐनवेळी तोच वापरतात. मजुरीला किंवा कारखान्यावर बाहेरगावी जाणाऱ्यांनी तर हे करावंच.

पिकअपनंतर पहिले आठ दिवस पोटाकडे लक्ष ठेवा. दिवसात किलोभर वजन वाढलं, पोट नगाऱ्यासारखं झालं, लघवी कमी झाली, धाप लागली किंवा उलट्या थांबेनात, तर ते ओएचएसएस, म्हणजे इंजेक्शनांनी अंडाशयं प्रमाणाबाहेर सुजण्याचा त्रास, असू शकतं. तेव्हा गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावत बसू नका, ज्यांनी पिकअप केलं त्यांना त्याच क्षणी फोन करा. पीसीओडी असलेल्यांना आणि खूप बीजं निघालेल्यांना हा धोका जास्त. त्यांना म्हणूनच ट्रिगर वेगळा देतात आणि गर्भ त्याच महिन्यात न सोडता गोठवतात. वजनकाटा घरी असू द्या. ताक, वरण, अंडी, मोडाची मटकी, असं प्रथिनांचं खाणं वाढवा.

लॅबमधले पाच दिवस

सगळ्यांत जास्त माणसं इथे मोडून पडतात, कारण आकडा रोज खाली येतो आणि तसं होणार हे कुणी आधी सांगितलेलं नसतं.

माझी 11 बीजं निघाली. त्यातली 9 पिकलेली होती, साधारण ऐंशी टक्के पिकलेली असणं नेहमीचंच आहे. इक्सी केलं, म्हणजे एकेका बीजात एकेक शुक्राणू सुईनं सोडला. दुसऱ्या दिवशी फलित किती झाली ते कळतं: 7. इक्सीत सत्तर टक्क्यांच्या आसपास फलित होतात. तिसऱ्या दिवशी 6 ते 8 पेशींचा गर्भ असतो. तोवर बीजातल्या शिधोरीवर भागतं, त्यानंतर गर्भाची स्वतःची जनुकं कामाला लागतात आणि शुक्राणूचा दोषही इथेच उघडा पडतो. म्हणून तिसऱ्यापासून पाचव्या दिवसात मोठी गळती होते. फलित झालेल्यांतले निम्म्याच्या आसपासच पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे रुजण्याजोग्या वाढीपर्यंत, पोचतात. माझे 3 पोचले. 1 नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तो फोन आला.

अकराचे तीन झाले म्हणजे आठ लेकरं गेली, असं मनात आणू नका. निसर्गातही दर महिन्याला हेच घडतं, फक्त ते दिसत नाही. पिकअपच्या आधीच हा हिशोब दोघांनी आणि घरात ज्यांना सांगितलंय त्यांनी समजून घ्या. सहा बीजं निघाली तर एक किंवा दोन गर्भ हा चांगला निकाल आहे. एकही न उरणं हेही घडतं. तसं झालं तर बीजं पिकली नव्हती, फलित झाली नाहीत की तिसऱ्या दिवसानंतर थांबली, हे लेखी मागा. पुढचा उपाय त्यावरच ठरतो. गर्भांची प्रतवारी, फोटो आणि गोठवल्याची नोंद असलेला कागद आम्ही मागून घेतला.

माझं प्रोजेस्टेरॉन (गर्भ रुजण्यासाठी पिशवीचं अस्तर तयार करणारं हार्मोन) ट्रिगरच्या दिवशी 1.5 च्या वर गेलं होतं. अशा वेळी अस्तर गर्भाच्या पुढे धावतं आणि गर्भ रुजत नाही, म्हणून तिन्ही गोठवले. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांत ते राहतात, कायद्यानं दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. पॅकेज इक्सीसह 1,10,000 होतं. पाच दिवसांची वाढ आणि गोठवणं त्यात नव्हतं, त्याचे 22,000 वेगळे. पॅकेजमध्ये काय नाही, हेच आधी विचारायचं असतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सगळं अघोरी वाटतं. माझ्या सासूबाईंना वाटलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारांनी 6 ऑगस्ट 1986 ला असं बाळ जन्मलं, म्हणजे आपल्या राज्यात हे होऊन चाळीस वर्षं होत आली, एवढं सांगितल्यावर त्यांचा जीव बराच शांत झाला.

ट्रान्सफर

मधली एक पाळी सोडून 10 डिसेंबरच्या पाळीपासून तयारी सुरू झाली. दुसऱ्या दिवसापासून इस्ट्राडिऑलच्या 2 मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसातून तीन. अस्तर किमान 7 मिलिमीटर आणि तीन रेघांचं दिसावं लागतं. 21 ला ते 6.6 होतं, गोळ्या वाढवल्या, 25 ला 8.1 झालं. इथे चार-पाच दिवस मागेपुढे होतात, तेव्हा रजा आणि तिकिटं ताणून ठेवा. मग प्रोजेस्टेरॉन सुरू करून पाच पूर्ण दिवसांनी पाच दिवसांचा गर्भ सोडतात. 26 ला सुरू केलं, ट्रान्सफर 31 डिसेंबरला.

ट्रान्सफरला भूल नाही, दुखत नाही. लघवी भरलेली लागते, म्हणजे पोटावरून सोनोग्राफीत पिशवी नीट दिसते. मऊ नळीनं गर्भ सोडतात, दहा मिनिटं. आत जाताना नाव आणि गर्भाचा क्रमांक मोठ्यानं वाचून जुळवतात, तो तुम्हीही ऐका.

एकच सोडायचा की दोन, यावर घरात ताण होतो. दोन सोडले की जुळ्यांची शक्यता वाढते, जुळी बरेचदा दिवस भरायच्या आत होतात, आणि तेवढ्या लहान बाळांना लागणारी काचेची पेटी आणि डॉक्टर तालुक्याच्या गावी नसतात. म्हणून आम्ही दोन्ही वेळा एकच सोडला.

नंतर पाय वर करून पडून राहायची गरज नाही. पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, चाललं किंवा लघवीला बसलं म्हणून गर्भ पडत नाही. पडून राहण्यानं फायदा होत नाही हे तपासून सिद्ध झालेलं आहे. घरातली हलकी कामं करा. घागरी, पोती उचलू नका.

पुढचे बारा दिवस प्रोजेस्टेरॉनचे. तेलातलं इंजेक्शन कमरेवर घ्यावं लागतं आणि गाठी येतात. अँप्युल दोन्ही तळहातांत धरून कोमट करा, रोज बाजू बदला, नंतर शेक घ्या. गावातल्या सिस्टरकडून टोचून घ्यायचं असेल तर दवाखान्याची चिठ्ठी सोबत ठेवा, चिठ्ठीशिवाय देत नाहीत. छाती दुखणं, पोटात कळ, झोप येणं हे सगळं या औषधानंही होतं, त्यावरून काहीच ओळखता येत नाही. थोडं रक्त दिसलं तरी औषध स्वतःहून बंद करायचं नाही. घरी पट्टीवर तपासू नका. ज्यांना एचसीजीचा (पट्टी जे हार्मोन शोधते त्याचाच) ट्रिगर देऊन त्याच महिन्यात ट्रान्सफर होतं, त्यांची पट्टी तर त्या इंजेक्शनामुळेच दहा-बारा दिवस खोटी होकारार्थी येऊ शकते.

12 जानेवारी 2025 ला बीटा, म्हणजे दिवस राहिलेत का हे सांगणारी रक्ताची तपासणी, 1.2 आला. 5 च्या खाली म्हणजे नाही. औषधं बंद केली, चौथ्या दिवशी पाळी आली. तो आठवडा वाईट जातो, हे आधीच धरून चला. त्या आठवड्यात हळदीकुंकवाची बोलावणी येतात. जाऊ नका, कारण द्यायचीही गरज नाही. डॉक्टरांना भेटायला घाई करू नका, पंधरा दिवसांनी डोकं शांत झाल्यावर जा. चांगला गर्भ आणि चांगलं अस्तर असूनही निम्म्याच्या आसपास वेळा गर्भ रुजत नाही, बरेचदा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे, जो सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. याच वेळी जादा उपचार पुढे येतात: अस्तर खरवडणं, रुजण्याची वेळ शोधणारी चाचणी, महागडी सलाईनं. सर्वसाधारण जोडप्यात यांनी यश वाढतं हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. माझ्या कोणत्या रिपोर्टमुळे हे सुचवताय, हा एक प्रश्न विचारा. आम्ही काही जादा केलं नाही.

14 फेब्रुवारीच्या पाळीला पुन्हा त्याच गोळ्या, 2 मार्चपासून प्रोजेस्टेरॉन, 7 मार्चला दुसरा गर्भ. 19 मार्चला बीटा 412 आला आणि 21 ला 870. पहिल्या आकड्यापेक्षा तो दोन दिवसांत कसा वाढतो हे महत्त्वाचं, साधारण दुप्पट व्हावा. कमी वाढला किंवा खांद्यात, पोटात एका बाजूला कळ आली तर नळीतला गर्भ असू शकतो, आयव्हीएफनंतरही तो राहतो. 3 एप्रिलच्या सोनोग्राफीत ठोके दिसले. तोवर आम्ही कुणालाच कळवलं नव्हतं.

एका ट्रान्सफरचे 35,000 आणि त्याच्या औषधांचे 6,000, असं दोनदा. खोली आणि प्रवास धरून 21,000. सगळं मिळून 3 लाख 63 हजारांच्या आसपास गेले. आमच्या विम्यानं यातलं काही दिलं नाही. पैसे एकदम लागत नाहीत: ऑपरेशनला एक, पिकअपच्या महिन्यात मोठा आणि प्रत्येक ट्रान्सफरला एक, असे हप्ते पडतात. पहिल्या ट्रान्सफरलाच सगळे संपतील असा हिशोब करू नका, दुसऱ्याचे बाजूला ठेवूनच सुरुवात करा.

इस्ट्राडिऑल आणि प्रोजेस्टेरॉन दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत चालतं आणि टप्प्याटप्प्यानं बंद करतात. मग गावाजवळच्या डॉक्टरकडे नाव घालता येतं. तिथे ‘शेवटची पाळी कधी’ असं विचारलं की 14 फेब्रुवारी सांगायचं नाही. पाच दिवसांचा गर्भ असेल तर ट्रान्सफरच्या तारखेतून 19 दिवस वजा करायचे. 7 मार्चमधून 19 गेले की 16 फेब्रुवारी, आणि तिथून 280 दिवस म्हणजे 23 नोव्हेंबर. ही तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, म्हणजे पुढच्या सोनोग्राफीत वाढ मागे-पुढे असल्याचा घोळ होत नाही. सोबत दुर्बिणीच्या ऑपरेशनचा कागद, ट्रान्सफरचा गोषवारा आणि चालू औषधांची यादी द्या. आणि गर्भ शिल्लक असेल तर गोठवण्याचं वार्षिक भाडं कधी भरायचं ती तारीख दोघांच्याही मोबाइलमध्ये घालून ठेवा. आमचा एक आहे, ते भाडं दर नोव्हेंबरला भरायचं असतं.